ही नोंद कुठल्या क्षणाची?

१६ ओळी आणि १६ रकाने, म्हणजे २५६ घरं. खालून वर चढत जातं ते इंजिनावरचं ओझं. डावीकडून उजवीकडे वाढत जातात ते इंजिनाचे फेरे. प्रत्येक घरात एक आकडा. इंजिन इतक्या फेऱ्यांनी फिरतंय आणि इतकं ओढतंय, तेव्हा सिलिंडर हवेनं किती भरतो एवढंच तो सांगतो. त्या हवेला पेट्रोल किती सोडायचं हा पुढचा गुणाकार. इंजेक्शनच्या गाड्या कारखान्यातून बाहेर पडतात त्या असले तक्ते पोटात घेऊनच, आणि मालकाला त्यांचं तोंड जन्मात दिसत नाही. आमच्या पद्मिनीतला तक्ता मात्र अंदाजाच्या आकड्यांनी भरलेला, म्हणजे कोराच म्हणायचा. तो खऱ्या आकड्यांनी भरायचा होता, आणि त्यासाठी आमच्या हाताशी होता बारामती ते इंदापूर हा रस्ता.

पद्मिनी वडिलांची. ते वालचंदनगरच्या कारखान्यात होते आणि गाडीला कायम ‘आपल्या शेठची गाडी’ म्हणायचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या माळावर साखर कारखाना काढला, त्याच्याभोवती गाव वसवलं. त्याच माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढं तिचीच झालेली पद्मिनी बाहेर पडत राहिली. त्यामुळं वडिलांच्या म्हणण्यात अभिमान होता तसा हिशेबही होता. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढच्या सीटवर तिघं आरामात. कार्ब्युरेटर मात्र झिजून असा झाला होता की सकाळी एक गाडी चालवतोय आणि दुपारी दुसरीच.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा. पुण्यात नोकरी करतो, शनिवारी घरी येतो. कार्ब्युरेटर काढून तिथं थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर आणि संगणकाची एक छोटी पेटी बसवायची कल्पना त्याची. अमेरिकेत ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी या शतकाच्या सुरुवातीला ‘मेगास्क्वर्ट’ नावाची, हौशी माणसानं स्वतः डाग देऊन जोडायची अशी पेटी काढली. तेव्हापासून कंपन्यांच्या प्रयोगशाळेत कुलपात असलेला हा तक्ता घरच्या अंगणात आला. आमची पेटी त्याच घराण्यातली. ज्यांनी हयातभर फियाटी उघडल्या त्या आमच्या मेस्त्रींनी वायरींच्या जंजाळाकडं एकवार बघितलं. ‘सर, एवढ्या पैशात दोन कार्ब्युरेटर आले असते,’ म्हणाले, आणि मग आमच्याबरोबरच वाकून सगळं बसवून दिलं.

सायलेन्सरच्या पाइपात, इंजिनाच्या जवळ, एक सेन्सर बसवला. जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय यावरून तो मिश्रणाचा हिशेब सांगतो. नेमकं जितकं हवं तितकंच पेट्रोल, म्हणजे आकडा १. पेट्रोल जास्त झालं की आकडा एकाच्या खाली, कमी पडलं की वर. या आकड्याला लॅम्बडा म्हणतात. गॅरेजच्या बोलीत रिच आणि लीन. आता काम सोपं दिसतं. लॅपटॉप जोडायचा, गाडी चालवायची, ज्या घरात इंजिन असेल त्या घरासमोर लॅम्बडा लिहिला जातोय. आकडा चुकला असेल तर तेवढ्या प्रमाणात दुरुस्त करायचा. गाडी चालता चालता हे आपणहून करणारी सॉफ्टवेअर आहेत. भाच्यानं ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाकली.

‘मामा, ते आत्ता सुरू केलं तर कचऱ्यावरूनच शिकेल.’

‘आणि कचरा कुठला ते कोण ठरवणार?’

‘आपण. म्हणून तर शनिवार-रविवार घालवायचा.’

मला या सगळ्या उद्योगात खरा रस उत्पन्न झाला तो या कचऱ्यापाशी. कारण त्यातला एकही आकडा खोटा नसतो. सेन्सर चांगला होता, वायर नीट होती, नोंद झाली ती प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीचीच. तरीही ती फेकायची. काटेवाडीच्या अलीकडं पुढं म्हशी दिसल्या म्हणून पाय उचलला, तर संगणक पेट्रोल तोडतो. इंजिनातून नुसती हवा वाहते आणि सेन्सर इमानानं सांगतो की मिश्रण भयंकर लीन आहे. म्हणणं शब्दशः खरं. पण तक्त्यानं ते मनावर घेतलं तर त्या घरात पेट्रोल ओतत सुटेल. म्हशी गेल्या, पाय दाबला: आता उलट. झडपेमागच्या भिंतीवर पेट्रोलचा पातळ थर असतो, तो आधी भिजतो आणि मग सिलिंडरला मिळतं, म्हणून पाय दाबताक्षणी संगणक थोडं पेट्रोल वरून शिंपडतो. त्या क्षणाचा लॅम्बडा शिंपडलेल्याचा असतो, घराचा नसतो. सकाळी इंजिन गार असताना तर जादा पेट्रोल चालूच असतं. मेस्त्रींचा नियम साधा: ‘टेंपरेचर धरू द्या, मग वही काढा.’

याच्याही पुढची एक गंमत आहे. धूर झडपेतून निघून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. इंजिन जोरात फिरत असेल तर फार थोडा. सावकाश फिरत असेल तर चांगला जाणवण्याइतका. म्हणजे पडद्यावर आत्ता दिसणारा लॅम्बडा हा मघाच्या घराचा असतो आणि शेजारी लिहिलेलं घर आत्ताचं. दोन्ही आकडे बिनचूक. चुकलेली असते ती त्यांची जोडी. वेग सतत बदलत असेल तर अशा विजोड जोड्यांचा नुसता सडा पडतो. भाचा नोंदीतला लॅम्बडाचा रकाना मागं सरकवून बघतो, पण किती सरकवायचा हे प्रत्येक घराला वेगळं. त्याचा खरा उपाय एकच: एका घरात पोचायचं आणि तिथं थोडा वेळ थांबायचं. पाय हलवायचा नाही. आत्ताचं आणि मघाचं घर एकच झालं की जोडी आपोआप जुळते.

हे मेस्त्रींना समजावून सांगायला गेलो तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्या उमेदवारीच्या काळात मिश्रण बघायचं ते प्लगवरून. पण कसं? फुल्ल रेसवर गाडी काही अंतर एकसारखी पळवायची, आणि तिथंच, त्याच दमात, किल्ली बंद करून क्लच दाबायचा. गाडी आपल्या वेगानं कडेला येऊन थांबते. तिथंच प्लग खोलायचा. काळा झाला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, चहाच्या रंगाचा असेल तर बरोबर. गाडी आयडलिंगवर हळूहळू गॅरेजपर्यंत आणून प्लग काढला तर? ‘मग तुम्हाला आयडलिंगचा प्लग दिसणार,’ मेस्त्री म्हणाले. ‘पळतानाचा नाही. आमचे उस्ताद अशा प्लगला हातसुद्धा लावत नव्हते.’ १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल सुरू झालं, त्यानंतर प्लगवरचा रंग पूर्वीसारखा बोलका राहिला नाही, ही त्यांची जुनी तक्रार. पण ज्या प्रश्नासाठी आम्ही लॅपटॉप घेऊन फिरत होतो तो त्यांनी रस्त्याच्या कडेला, गरम इंजिनाशी हात भाजून घेत, आधीच सोडवलेला होता. ही नोंद कुठल्या क्षणाची आहे?

या भागात माती परीक्षणाला नमुना काढायचा असला की शेतकऱ्याला जे सांगतात तेही हेच. बांधाजवळची माती नको, विहिरीजवळची नको, झाडाखालची नको, जिथं शेणखताचा ढीग पडला होता तिथली तर मुळीच नको. शेतातून नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार करायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांधाजवळची माती काही खोटी माती नाही. ती त्याच रानाची आहे. फक्त ती रानाबद्दल बोलत नाही, बांधाबद्दल बोलते.

सेन्सर आणखी दोन प्रकारे फसवतो, आणि ते दोन्ही मला विशेष आवडले, कारण त्यांत तो खरं सांगूनही उलटं सांगतो. एक: मिश्रण इतकं रिच झालं की ठिणगी चुकायला लागली, गाडी मिसिंग मारायला लागली, तर न जळलेला प्राणवायू तसाच बाहेर येतो. सेन्सरला दिसतो फक्त प्राणवायू. तो सांगतो, लीन. पेट्रोल जास्त झाल्यामुळं गाडी धापा टाकतेय आणि आकडा म्हणतोय अजून पेट्रोल द्या. दुसरा: सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या जोडाला बारीक फट असेल तर आयडलिंगला धुराच्या दोन हिसक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. पुन्हा लीन. यासाठी मेस्त्रींचे कान लागतात. गाडी मिसिंग करतेय हे लॅपटॉपला समजायच्या आधी त्यांना समजतं, आणि फट त्यांना आवाजावरून सापडते. ज्यांना वाटतं की यंत्र आलं म्हणजे माणसाचा कान गेला, त्यांनी एकदा लॅम्बडा आणि मेस्त्री यांच्यामध्ये बसून पाहावं.

आता एका घरात थोडा वेळ थांबायचं म्हणजे रस्त्यावर काय करायचं? गिअर बदलायचा नाही, पाय हलवायचा नाही, वेग एकसारखा. हे कागदावर. भवानीनगरच्या पुढं हंगामात हे करून दाखवावं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर, दोन्ही उसानं तुडुंब, मागं दिवा असलाच तर एक. त्याच्यापुढं बैलगाड्या, त्याच्यापुढं आणखी एक ट्रॅक्टर. सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे अशी गावं माळेसारखी, आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक. वारीच्या दिवसांत तर हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला अश्वांचं, तिथं गाडी न्यायचा विचारही कुणी करत नाही. पालखी मार्ग रुंद झाल्यापासून बरीच सोय झाली आहे हे खरं. पहाटे, दूधगाड्या नुकत्या सुटल्यात आणि शाळेची मुलं अजून रस्त्यावर यायचीत, तेवढ्या वेळात निमगाव केतकीच्या पानमळ्यांपर्यंत एकसारखं जाता येतं. तरीही तासाभराच्या फेरीतून चाळणीनंतर हाती लागतात ती जेमतेम काही मिनिटं. बाकीचं सगळं ट्रॅक्टर, म्हशी आणि गतिरोधक.

इथं माझं आणि भाच्याचं जुंपलं. मी म्हणालो, अरे, पण आपण चालवतो ती गाडी हीच ना? ट्रॅक्टरमागची? जी मिनिटं तू ठेवतोस ती आपल्या आयुष्यात येतच नाहीत. तू रस्ता टाकून देतोस आणि रस्त्यावर चालणारी गाडी बनवतोस.

त्याचं उत्तर मला तेव्हा पटलं नाही, नंतर निम्मं पटलं. तो म्हणाला, ‘मामा, ट्रॅक्टरमागं जे होतं ते दुसऱ्या तक्त्याचं काम. पाय दाबल्यावर किती शिंपडायचं, पाय उचलल्यावर कधी तोडायचं. ते आपण नंतर करू, आणि तेव्हा ट्रॅक्टरच शोधत जाऊ. पण पाया कच्चा ठेवून ते केलं तर पायाची चूक शिंपडण्यात लपते. मग दोन्ही कधीच सापडत नाहीत.’

निम्मं पटलं असं म्हणतो, कारण मोठमोठ्या संस्थांनाही या भांडणाचा निकाल लावायला बरीच वर्षं लागली. पुण्याची एआरएआय ही १९६६ ची संस्था. आपल्या रस्त्यांवर गाड्या कशा चालतात त्याच्या नोंदींवरून तिथं ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ बसवली गेली: १०८ सेकंदांचं एक आवर्तन, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, त्यात वेग घेणं, थोडं धरणं, कमी करणं आणि नुसतं उभं राहणं. दुचाकी-तीनचाकी वर्षानुवर्षं रोलरवर याच तालावर धावल्या. म्हणजे त्यांनी ट्रॅक्टर फेकला नाही, त्याला मापात बसवला. पण मापात बसवलेला ट्रॅक्टर पाठ करता येतो. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं ते याच कारणानं. आपण रोलरवर परीक्षेला उभे आहोत हे गाडीच्या संगणकाला ओळखू येत होतं, तेवढ्यापुरता तो सज्जन व्हायचा. आणि १ एप्रिल २०२३ पासून आपल्याकडंही चारचाकींना मागं धूर मोजणारं यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर फिरावं लागतं. सगळा प्रवास करून मंडळी परत म्हशींपाशी आली.

परीक्षा चालू आहे हे कळल्यावर फक्त संगणकच सज्जन होतो असं नाही. शेजारी भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला की माझा पाय लाकडाचा व्हायचा. पडद्याकडं मी बघायचं नाही हा आमचा नियम, रस्ता माझा आणि आकडे त्याचे. तरी त्याच्या चेहऱ्यावरून मला कळायचं की आत्ता एखादं कोरं घर भरतंय, आणि मी श्वास रोखून धरायचो. अशा नोंदी देखण्या येतात. सरळ रेषा. पण एकसारख्या येतात, त्याच त्याच घरांतून. शेवटी आम्ही नोंदीची पेटी कायमची चालू ठेवली. बाजार, लग्न, दवाखाना, शेतावरची फेरी, काहीही असो, ती लिहीत बसते. त्यातलं बहुतेक चाळणीत जातं. पण माझ्या नकळत मी ज्या घरांत जातो ती त्यातूनच कळली, आणि ती बघून थोडं ओशाळायला झालं. २५६ पैकी मूठभर घरांत माझं सगळं ड्रायव्हिंग. जिथं दुसरा गिअर टाकायला हवा तिथंही मी तिसराच रेटतो, हे वडील सांगायचे. आता ते रंगीत ठिपक्यांत दिसतं.

वाऱ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण कचरा कुठला आणि ऐवज कुठला हे मला नेमकं तिथं उमगलं. इंदापूरहून सोलापूर महामार्गानं भिगवणकडं निघालं की उजव्या हाताला उजनीचं पसरलेलं पाणी. हिवाळ्यात लोक रोहित बघायला येतात तो हाच पट्टा. पावसाळ्यात मात्र इथं पाऊस नसतो, नुसता पश्चिमेचा वारा असतो, आणि तो थेट काचेवर येतो. त्याच वेगाला पाय जास्त दाबावा लागतो. येताना उलट, वारा पाठीत, गाडी तरंगत येते. मला वाटलं, या दोन्ही फेऱ्या बाद. भाचा खूश. कारण वारा नोंद बिघडवत नाही. तो फक्त तुम्हाला वेगळ्या घरात नेऊन बसवतो. तेच फेरे, जास्त ओझं: वरचं घर. तेच फेरे, कमी ओझं: खालचं घर. आपोआप दोन ओळी भरल्या. चढ, उतार, वारा, मागच्या सीटवरचे पाहुणे, यांतलं काहीही तक्त्याला खोटं पाडत नाही, जोवर ते हळू बदलतं. कचरा म्हणजे अडचण नव्हे. जे इतक्या झटकन बदलतं की आकडा आणि त्याचं घर यांची ताटातूट होते, तेवढंच फेकायचं.

पेट्रोलचं त्रांगडं निराळं. २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडचंच झालं. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळं त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एक किलोला १४.७ किलो हवा. निव्वळ इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. दहा टक्क्यांच्या पेट्रोलवर जुळवलेला तक्ता विसाच्या पेट्रोलवर चारेक टक्के लीन पडतो. म्हणून भाचा हवा-पेट्रोलचं गुणोत्तर बघतच नाही, फक्त लॅम्बडा बघतो. सेन्सरला पेट्रोल कशाचं हे विचारावं लागत नाही, जळून काय उरलं एवढंच तो बघतो. आणि एका तक्त्याच्या सगळ्या नोंदी शक्यतो एकाच टाकीच्या. पेट्रोल भरलं की नवी वही.

मला यातली विलक्षण वाटणारी बाब अशी की हे इथेनॉल आमच्याच पट्ट्यातल्या उसाचं असू शकतं. मघाशी ज्या ट्रेलरनं माझी नोंद नासवली त्याचीच मळी दोन-चार महिन्यांनी माझ्या टाकीत येऊन तक्ता चार टक्क्यांनी हलवते. पाऊस हुकला तर तेही बदलतं: ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवडाभरात ती काहीशी सैल केली, आणि कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांचे सगळे हिशेब विस्कटले. पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात म्हणून आम्ही आधीच बदलल्या होत्या. वडिलांच्या शेठनं साखरही काढली आणि गाडीही. दोघी अशा एका टाकीत भेटतील हे त्यांच्या डोक्यात आलं असेल असं वाटत नाही.

तक्ता बराचसा भरला. मधली घरं भक्कम आहेत. तिथं वेगवेगळ्या ऋतूंतल्या, दोन्ही दिशांच्या नोंदी एकमेकींना धरून बसतात. गाडी आता गार असतानाही एका हाकेला उठते, अ‍ॅव्हरेज वाढलं, आणि मेस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला बॉनेट उघडून दाखवतात, कार्ब्युरेटरबद्दल अवाक्षर न काढता. ओस पडलेत ते वरचे कोपरे. कमी फेरे आणि भारी ओझं, किंवा भरपूर फेरे आणि भारी ओझं. तालुका सपाट, पायाखाली चढच नाही तर इंजिन ओढणार कशाला? जवळ आहे तो एक रोटी घाट, पाटसच्या बाजूचा, आणि तोही बेताचा. कारखान्यातली माणसं हे काम डायनोवर करतात: इंजिन जमिनीला बांधून त्याला हव्या त्या घरात हवा तितका वेळ कोंडून ठेवायचं. आमच्याकडं डायनो नाही, खताची पोती आहेत. डिकीत आणि मागच्या सीटवर पोती लादून, वरच्या गिअरवर, घाटाच्या पायथ्याकडून एकसारखं चढायचं. गाळप सुरू व्हायच्या आत, कारण एकदा मोळी टाकली की घाटात पुढं कोण असणार ते ठरलेलं.

तोवर त्या घरांत भाच्यानं मुद्दाम जादा पेट्रोल ठेवलंय. ओझ्याखाली मिश्रण लीन झालं तर इंजिन ठोका मारतं, पिस्टन वितळायची पाळी येते; रिच असलं तर फार तर थोडा काळा धूर. माहिती नसेल तिथं कुठल्या बाजूला चुकायचं हे आधी ठरवून ठेवलेलं बरं, असं तो म्हणतो, आणि मेस्त्री मान डोलावतात, कारण कार्ब्युरेटरचा जेट निवडताना तेही तेच करायचे.

सगळ्यात वरची ओळ मात्र पोत्यांनीही भरणार नाही. ती १०० किलोपास्कलची, म्हणजे जवळपास समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेच्या दाबाची. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास; इथं हवेचाच दाब पंचाण्णवच्या घरात. अ‍ॅक्सिलरेटर जमिनीला टेकवला तरी इंजिन त्या ओळीच्या उंबऱ्यापर्यंतच जातं, आत पाऊल टाकत नाही. ती भरायची तर घाट उतरून कोकणात जायला हवं. भाच्यानं हे नकाशा उघडून, हवेच्या दाबाचं सूत्र मांडून सांगितलं. मेस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘सर, दापोलीला जायचंय तर जावा की,’ ते म्हणाले. ‘त्याला संगणकाचं निमित्त कशाला पाहिजे? फक्त निघायच्या आधी गाडी माझ्याकडं टाका. रेडिएटरचा खालचा होज बघितलाय का तुम्ही दोघांनी?’